घरचा टीव्ही आणि घरचं थिएटर: चित्र कसं पारखावं, आवाज कसा सुधारावा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दसरा-दिवाळी जवळ आली की सोसायटीत, नात्यात, ऑफिसात एकच विषय निघतो: कोणता टीव्ही घेऊ, आणि साउंडबार बरा की होम थिएटर? गेली काही वर्षं मी ओळखीच्यांच्या घरी जाऊन टीव्हीची सेटिंग करून देतो, स्पीकर इकडचे तिकडे सरकवून बघतो. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत.

दुकानात सगळे टीव्ही शेजारी शेजारी लावलेले असतात. तिथेच बघून ठरवलं तर काय बिघडतं?

शेजारी शेजारी बघणं चांगलंच, पण ती तुलना बरोबरीची नसते. दुकानात टीव्ही 'शॉप मोड'वर असतो. उजेड पूर्ण वाढवलेला, रंग भडक, पांढऱ्यात निळसर झाक. डोक्यावर दिव्यांचा लखलखाट असतो, त्यात टिकून राहायला हे सगळं लागतं. आपल्या डोळ्यांची सवय अशी की दोन चित्रं एकत्र दिसली तर जास्त उजळ आणि जास्त निळं असेल तेच चांगलं वाटतं. घरी रात्री, एका दिव्याच्या उजेडात तेच चित्र डोळ्यांना खुपतं.

शिवाय तिथे फिरत असतात कंपनीच्याच चित्रफिती. फुलं, फळं, मासे, शहराचे दिवे. त्यात अंधारातला प्रसंग सहसा नसतो, आणि टीव्हीची खरी परीक्षा अंधारातच होते. विक्रेत्याकडून रिमोट मागून घ्या, दोन्ही टीव्ही 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' मोडवर आणा आणि दोन्हींवर एकच प्रसंग लावा. माणूस नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. पन्नास-साठ हजार मोजणाऱ्याला एवढा हक्क आहे.

तुलनेसाठी पेन ड्राइव्हवर काय न्यावं?

तुमच्या नजरेत बसलेलं काहीतरी. माझ्याकडे पाच छोटे तुकडे आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

पहिला देवळाच्या गाभाऱ्यातला: बाजूला अंधार, मध्ये समई. ज्योतीभोवती धुरकट वलय पसरतंय का, आणि मागच्या काळ्या दगडाचा पोत दिसतोय की सगळं राखाडी झालंय, हे बघायचं. दुसरा घरातल्या माणसाचा चेहरा, खिडकीच्या उजेडात फोनवर घेतलेला. हा मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण आईच्या किंवा मुलाच्या कातडीचा रंग आपल्याला पाठ असतो. तो लालबुंद किंवा मेणासारखा दिसला तर टीव्ही खोटं बोलतोय. तिसरा पैठणीचा काठ. जर आणि रेशीम वेगळं उमटतं का? चौथा सूर्यास्तानंतरचं आकाश. केशरीकडून जांभळ्याकडे जाताना पट्टे पडत असतील तर रंगांच्या पायऱ्या कमी पडताहेत. ८ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १,०२४. मात्र यासाठी चित्रफीतही १० बिटची हवी, नाहीतर पट्टे चित्रफितीचे आणि बोल टीव्हीला. पाचवा कबड्डीचा: चढाई करणारा खेळाडू वेगाने वळतो तेव्हा त्याच्या पाठीवरचा आकडा वाचता येतो का ते बघा.

प्रत्येक तुकडा आधी समोरून बघा, मग बाजूला सरकून. आपल्याकडे सगळे जण सोफ्याच्या मध्यावर बसत नाहीत. कोणी दिवाणावर असतं, कोणी खाली चटईवर.

ओएलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, साधा एलईडी: फरक नेमका कशात आहे?

उजेड कुठून येतो यात. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळं म्हणजे खरोखर काळं. बाकी तिन्ही एलसीडीच आहेत: मागे दिवे, पुढे उजेड अडवणारा पडदा. तो पडदा उजेड पूर्ण अडवू शकत नाही, म्हणून काळ्या जागी थोडी राख राहते. क्यूएलईडीत मागच्या निळ्या उजेडातून क्वांटम डॉट्स शुद्ध लाल आणि हिरवा काढतात, त्यामुळे रंग सुधारतात, पण काळं तेवढ्यानं सुधारत नाही. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, आणि त्यांचे गट वेगवेगळे मंद करता येतात. जितके गट जास्त, तितकं समईभोवतीचं वलय कमी.

साध्या एलईडीतही दोन जाती आहेत. व्हीए पॅनेलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्यातलं प्रमाण, साधारण ३,००० ते ५,००० ला १ असतो, पण बाजूने बघितलं की रंग फिकटतात. आयपीएसचा १,००० ला १ च्या आसपास, पण बाजूनेही चित्र बरंच टिकतं. खोक्यावर हे क्वचित लिहिलेलं असतं, म्हणून वर सांगितल्याप्रमाणे बाजूला सरकून बघा.

माझा सल्ला: हॉलला मोठी खिडकी किंवा बाल्कनी असेल आणि टीव्ही दिवसाच जास्त चालत असेल तर चांगला मिनी एलईडी. रात्री दिवे मालवून सिनेमे बघत असाल तर ओएलईडी, अगदी एक आकार लहान घ्यावा लागला तरी.

आमच्याकडे दिवसभर बातम्या चालू असतात. ओएलईडीवर डाग राहतात म्हणतात, खरं का?

खरं आहे. वाहिनीचा लोगो आणि खालची ब्रेकिंग न्यूजची लाल पट्टी महिनोन्‌महिने रोज कित्येक तास एकाच जागी राहिली तर तिथले ठिपके बाकीच्यांपेक्षा आधी थकतात आणि पुसट सावली उरते. टीव्ही बंद असताना पॅनेल स्वतःची निगा राखण्याची प्रक्रिया चालवतो, म्हणून रात्री भिंतीवरचं बटण बंद करू नका, स्टँडबायवर ठेवा. तरी आजोबांच्या बातम्या सकाळी सहाला सुरू होऊन रात्री दहाला संपत असतील, तर ओएलईडी घेऊ नका.

नवा ४के टीव्ही आणला आणि सेट-टॉप बॉक्सचं चित्र जुन्या टीव्हीपेक्षा वाईट दिसतंय. टीव्ही खराब आहे का?

बहुतेक नाही. साध्या, म्हणजे एसडी वाहिनीच्या चित्रात ७२० × ५७६ ठिपके असतात, ४के पडद्यावर ३,८४० × २,१६०. भागाकार केला तर बरोबर वीसपट. एका ठिपक्यावरून टीव्हीला उरलेले एकोणीस अंदाजाने भरावे लागतात, त्यात मूळ प्रक्षेपण दाबून पाठवलेलं. जुन्या लहान पडद्यावर हे दोष झाकले जात होते.

आधी बॉक्स एचडी आहे का ते बघा. मग तो पांढऱ्या-लाल-पिवळ्या पिनांनी जोडलाय की एचडीएमआयने? मी गेलो त्यातल्या बऱ्याच घरांत एचडी बॉक्स जुन्या पिनांवरच चाललेला होता. त्यानंतर बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८०आय किंवा त्याहून वरचं निवडा आणि वाहिनी एचडी क्रमांकावरची लावा. टीव्हीतला 'शार्पनेस' उतरवा. तो तपशील वाढवत नाही, कडांना पांढरी रेघ ओढतो, आणि एसडी चित्रात ती रेघ फार खटकते.

दहा बाय बाराच्या हॉलला किती इंची टीव्ही?

बसण्याची जागा ते पडदा हे अंतर टेपने मोजा. खोलीचं माप उपयोगाचं नाही. सिनेमासाठी पडद्याने नजरेचा निदान ३० अंशांचा कोन व्यापावा असा संकेत आहे. त्या हिशेबाने ४३ इंचीसाठी अंतर सुमारे पावणेसहा फूट, ५५ साठी साडेसात, ६५ साठी पावणेनऊ. आपल्याकडे बहुतेक जण यापेक्षा लांब बसतात आणि मग ४के का दिसत नाही म्हणून विचारतात. साधारण निरोगी नजरेला ५५ इंचीवर फुल एचडी आणि ४के यांतला बारकावा सात फुटांच्या पुढे जवळजवळ कळत नाही. तेवढ्या अंतरावर पैसे ठिपक्यांवर न घालता कॉन्ट्रास्टवर घाला.

उंचीचंही सांगतो. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास हवा, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेतीन फूट. देव्हाऱ्यासारखा वर लावलेला टीव्ही मानेला त्रास देतोच, शिवाय एलसीडीचे रंगही खालून बघताना उतरतात.

सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत का दिसतो?

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून भरतो आणि पडद्यावरची जादू जाते. कंपनीगणिक नाव वेगळं, पण मेनूत 'मोशन' शब्द शोधा आणि सिनेमासाठी ते बंद करा. क्रिकेटला थोडं चालू ठेवलं तर हरकत नाही.

घरी आणल्यावर कोणती सेटिंग आधी करावी?

मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर', रंगछटा 'वॉर्म', वीजबचतीचा आपोआप उजेड कमी करणारा पर्याय बंद, शार्पनेस जवळजवळ शून्य. एवढ्यात बरंचसं काम होतं. पहिल्या दिवशी घरचे म्हणतील, चित्र पिवळं दिसतंय. दोन दिवस थांबा. चित्रपट आणि मालिका ज्या पांढऱ्यावर रंगवल्या जातात तो ६,५०० केल्व्हिनचा असतो, आणि 'वॉर्म' त्याच्या जवळ असतो. दोन दिवसांनी परत 'कूल' करून बघा, पांढरा शर्ट नीळ जास्त झाल्यासारखा दिसेल.

मग खोलीकडे बघा. पडद्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसत असेल तर ती बंद करून टीव्हीच्या मागे भिंतीवर मंद पांढरा दिवा लावा. डोळे थकत नाहीत आणि काळं अधिक काळं भासतं. शंभर-दोनशे रुपयांच्या दिव्याने होणारी ही सुधारणा मी प्रत्येक घरी आधी सुचवतो.

एचडीआर लावलं की चित्र काळवंडतं. असं का?

एचडीआर म्हणजे उजळ आणि गडद यांतला फरक जास्त दाखवणारं चित्र. साधं चित्र १०० निट्स (निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप) धरून बनवतात, एचडीआर १,००० किंवा त्याहून जास्त धरून. स्वस्त पॅनेलची झेप २५०-३५० निट्सपर्यंत. वरचा उजेड त्याच्याकडे नसतो, म्हणून तो सगळं चित्र खाली दाबतो. एचडीआरमध्ये बॅकलाइट पूर्ण ठेवा आणि 'डायनॅमिक टोन मॅपिंग'सारखा पर्याय असेल तर चालू करा. तरीही समाधान झालं नाही तर साध्या चित्रात सिनेमा बघा. खोक्यावरच्या एचडीआरच्या शिक्क्याने पॅनेलची ताकद वाढत नाही.

संवाद कळत नाहीत. वाढवला की गाणं आणि मारामारी कानठळ्या बसवते. काय करू?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या घरातलाही. आईला मालिका नीट ऐकू येत, पण सिनेमा लावला की ती दर दोन मिनिटांनी विचारायची, "काय म्हणाला रे तो?" तिला वाटायला लागलं होतं की आपले कान गेले. ती सिनेमा सोडून आत जाऊन बसायला लागली, तेव्हा मी हे मनावर घेतलं.

पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. आवाज भिंतीला आपटून आपल्याकडे येतो. आमचा टीव्ही तर फर्निचरच्या खणात बसवलेला, म्हणजे आवाज आधी लाकडात घुमायचा. दुसरं, सिनेमाचा आवाज ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक बासचा सबवूफर यांसाठी बनवलेला, असतो आणि संवाद बहुतेक सगळे मधल्या स्पीकरला दिलेले असतात. दोनच स्पीकर असले की तो मधला आवाज संगीतात आणि धडामधुडूममध्ये मिसळला जातो. तिसरं कारण डोक्यावर फिरत असतं: पाचवर ठेवलेला पंखा. शब्द ओळखू येतात ते स, श, त, थ, क अशा व्यंजनांवरून. ही साधारण २,००० ते ८,००० हर्ट्झच्या भागात असतात, आवाजाला बारीक असतात आणि पंख्याच्या घरघरीत बुडतात. वयानुसार कानही आधी याच वरच्या भागात मंद होतात. म्हणून आईला आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते.

आधी फुकटचे उपाय केले. ॲपमध्ये भाषेच्या यादीत ५.१ ऐवजी साधा स्टीरिओ पर्याय निवडला. टीव्हीत 'क्लिअर व्हॉइस' आणि 'नाइट मोड' चालू केला. नाइट मोड मोठे आवाज दाबून लहान आवाज वर आणतो. टीव्ही खणातून पुढे काढला, पंखा तीनवर आणला. निम्मा फरक एवढ्यानंच पडला. मग ३.१ चा साउंडबार घेतला. त्यातला पहिला आकडा तीन म्हणजे डावा, उजवा आणि स्वतंत्र मधला स्पीकर. मधल्याची पातळी तीन-चार पायऱ्या वाढवली. आई आता पूर्ण सिनेमा आमच्याबरोबर बसून बघते. साउंडबार घेताना तो २.१ नसून ३.१ किंवा ५.१ आहे का, हे आधी विचारा.

साउंडबार की स्वतंत्र स्पीकर आणि ॲम्प्लिफायर?

भाड्याचं घर, लहान मुलं, वायरी नकोत: साउंडबार. स्वतःचं घर, थोडी हौस, हळूहळू वाढवायची तयारी: ॲम्प्लिफायर आणि स्पीकर. आधी पुढचे दोन आणि मधला, सहा महिन्यांनी सबवूफर, मागचे दोन नंतर. चांगले स्पीकर वीस वर्षं टिकतात, बदलावा लागतो तो ॲम्प्लिफायर.

पुढचे दोन तुमच्या जागेपासून डावी-उजवीकडे ३० अंशांवर, तोंड तुमच्याकडे, उंची कानाएवढी. मागचे दोन, म्हणजे सराउंड, ११० अंशांच्या आसपास, म्हणजे खांद्यांच्या किंचित मागे. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तो फूटभर तरी पुढे घ्या.

ॲटमॉस म्हणजे डोक्यावरूनही आवाज येतोय असं भासवणारी डॉल्बीची पद्धत. त्यासाठी छताकडे आवाज फेकणाऱ्या स्पीकरला सपाट, टणक छत लागतं. स्लॅबचं किंवा सपाट पीओपीचं छत चालतं. कौलारू किंवा उतरत्या पत्र्याच्या घरात त्यावर पैसे घालू नका.

वाहिनीचा आवाज येतो पण ॲटमॉस किंवा ५.१ येत नाही. जोडणी कशी हवी?

टीव्हीवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेल्या एचडीएमआय खाचेतच साउंडबारची वायर हवी. बाकीच्या खाचांतून आवाज उलटा बाहेर येत नाही. ऑप्टिकल वायरीतून साधं डॉल्बी ५.१ जातं, ॲटमॉस जात नाही. ॲपमधला ॲटमॉस एआरसीवरूनही जाऊ शकतो, ब्लू-रे डिस्कवरच्या मूळ दर्जाच्या आवाजाला मात्र ईएआरसी लागतं. मग टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत 'पीसीएम' बदलून 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' करा. ही एक पायरी राहिल्यामुळे ५.१ चा सेट घेऊन दोनच स्पीकरांचा आवाज ऐकणारी घरं मी पाहिली आहेत.

हॉलमध्ये आवाज घुमतो, बास नुसता गुणगुणतो. सबवूफर बदलू का?

नको, आधी खोलीत एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझण ऐकू आली तर दोष फरशीचा आणि उघड्या भिंतींचा आहे. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा टाका, खिडकीला जड पडदे लावा. बाजूच्या भिंतीशी भरलेलं पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तमच.

बासचं गणित वेगळं आहे. बारा फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये अडकून फुगतो, दहा फुटीत ५६ च्या आसपासचा. खोली दहा बाय दहा असेल तर दोन्ही दिशांचा फुगवटा एकाच सुरावर येतो. चौरस खोल्यांत बास गुणगुणतो तो यामुळे. त्यावर एक जुना उपाय आहे. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, पखवाजाचं ओळखीचं ध्वनिमुद्रण लावा आणि भिंतीकडेने कान खाली ठेवून हळूहळू रांगत फिरा. पखवाजाच्या डाव्या, खर्जाच्या बाजूचे ठोके जिथे एकसारखे आणि सुटे ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवा. घरचे हसतात, पण आवाज ऐकून गप्प होतात. ॲम्प्लिफायरचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करा.

दोन साउंडबारची तुलना कशी करावी?

आवाजाची पातळी समान करून. एखादा थोडा मोठ्याने वाजला तरी तोच अधिक चांगला वाटतो, आणि दुकानात महागडा नेहमी मोठ्याने वाजतो. फोनवर ध्वनिपातळी मोजणारं ॲप घ्या, एकाच जागी धरून दोन्हींचा आकडा सारखा आणा. मग एखादा अभंग लावा. तानपुरा गायकाच्या मागे सतत जाणवतो का, टाळ कानाला टोचतात का, आणि गाणाऱ्याचे शब्द न ताणता समजतात का?

खोक्यावर १,००० वॅट लिहिलंय. पुरेल ना?

त्या आकड्यावर जाऊ नका. दुप्पट वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबल वाढ, आणि ती कानाला थोडीशीच जाणवते. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, किती ते बघा. पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा लिहिलेला दिसला तर ते खोकं तिथेच ठेवा.

ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.

साउंडबारमध्ये किंवा टीव्हीत 'ऑडिओ डिले' किंवा 'लिप सिंक' असतं. आवाज मागे पडत असेल तर ते शून्यावर आणा आणि टीव्हीतली आणि साउंडबारमधली आवाजाची जादा प्रक्रिया बंद करा. आवाज पुढे पळत असेल तर २० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी वाढवा. आवाज मागे पडला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा लक्षात येत नाही, पुढे गेला तर मात्र ४५ पासूनच खटकू लागतं. ब्लूटूथवर जोडलं असेल तर वायर लावा.

खालच्या मजल्यावरून तक्रार येते.

त्यांची तक्रार बरोबर आहे. बास भिंत आणि स्लॅब हलवतच पलीकडे जातो, दार लावून तो अडत नाही. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दहानंतर सबवूफर उतरवा, नाइट मोड लावा. उशिरा सिनेमा बघायची सवय असेल तर चांगला हेडफोन घ्या.

महागडी एचडीएमआय वायर घेतली तर चित्र सुधारतं का?

नाही. ४के साठी 'प्रीमियम हाय स्पीड', १२० हर्ट्झ गेमिंगसाठी 'अल्ट्रा हाय स्पीड' शिक्क्याची दोन मीटरची साधी वायर पुरते. चित्रात ठिपके उडत असतील किंवा पडदा मधूनच काळा होत असेल तर वायर बदला, एरवी नाही.

सिनेमाला वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. पडदा भरून कसा बघू?

भरू नका. टीव्हीचा आकार १६:९ आहे, आणि बरेच सिनेमे २.३९:१ मध्ये चित्रित होतात, म्हणून ५५ इंचीवर चित्राची उंची ६८ पैकी ५१ सेंटीमीटरच उरते. 'झूम' केलं तर डाव्या-उजव्या बाजू कापल्या जातात. जत्रेच्या प्रसंगात कडेला उभा असलेला माणूस नाहीसा होतो. प्रभातच्या काळातल्या कृष्णधवल चित्रपटांत उलट होतं: ते जवळजवळ चौकोनी असतात आणि पट्ट्या बाजूला येतात. तिथे 'वाइड' लावून ताणलं की चेहरे रुंद आणि माणसं बुटकी होतात. चित्राचा आकार 'ओरिजिनल' किंवा 'जस्ट स्कॅन'वर ठेवा आणि खोलीतला दिवा मंद करा. पट्ट्या पाच मिनिटांत दिसेनाशा होतात.